शनिवारची ड्यूटी

अख्ख्या छत्तीसगडात हिब्रू भाषा आणि ज्यूंचा इतिहास घेऊन एम.ए. करणारा माणूस एकच झाला असेल, तर तो माझा थोरला दीर. दुसरा कुणी असलाच, तर भाऊजींपासून लपून राहून त्याने स्वतःचं भलंच केलं म्हणायचं. सापडला असता तर भाऊजींनी त्याला आमच्या पुढच्या खोलीत बसवून क्रियापदं चालवून दाखवली असती, आणि जेवल्याशिवाय सोडलं नसतं. म्हणजे पोळ्या मला लाटाव्या लागल्या असत्या.

भाऊजी स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला होते. रुळांतल्या भेगा शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. "शिफ्टमंदी टाइमच नाई भेटला," असं सांगायचे, जसं काही बाकीच्या प्लांटवाल्यांची लग्नं वीकली ऑफला आपोआप लागली होती. ते आमच्याजवळच राहायचे. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेने डोक्यावर पदर घेऊन हळू बोलायचं असतं. पदर काही वर्षं टिकला, हळू बोलणं मात्र पहिल्या आठवड्यातच संपलं, कारण मिलच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले होते. स्वतः ते इतक्या मोठ्याने बोलायचे की जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर मागच्या लाइनीतली बाई वाटी घेऊन दारात यायची.

त्यांना मित्र एकच. मिलमधला जोडीदार, भाऊजी त्याला 'पार्टनर' म्हणायचे. अलिबागकडचा माणूस, बेने इस्राएल, म्हणजे आपल्यासारखं मराठी बोलणारा, पण ज्यू. त्याच्या धर्मात शनिवारी काम करायचं नसतं, आणि प्लांटची भट्टी काही कुणाचा धर्म विचारून विझत नाही. मग भाऊजींनी आपल्यापुरता तोडगा काढला. पार्टनरची शनिवारची ड्यूटी ते करायचे, आणि त्यांचा जो काही वीकली ऑफ असेल त्या दिवशी पार्टनर कामावर जायचा. नोकरी संपेपर्यंत हे असंच चाललं. घरातलं लग्न असो की बारसं, शनिवारी भाऊजी कधी हजर नसायचे. माझ्या सासूबाई चिडायच्या. भाऊजी म्हणायचे, "आई, शनवार माहा नाई. पार्टनरचा हाये."

दोघे एकाच वर्षी रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी पार्टनर गेला. भिलाईत ज्यूंची दफनभूमी नाही, त्यामुळे ख्रिस्ती कब्रस्तानाचा एक कोपरा त्या लोकांनी मोठ्या मनाने दिला. त्यांच्या पाद्र्याने त्याच्या परीने प्रार्थनाही केली. पण पार्टनरसाठी जे हिब्रूतलं स्तोत्र म्हणायला हवं होतं ते म्हणणारं कुणी नव्हतं. मुलगी इस्राएलमध्ये, ती दोन दिवसांनी पोचली. काकूंना, म्हणजे पार्टनरच्या बायकोला, त्यांच्यातली 'श्मा' नावाची एक ओळ तेवढी पाठ होती. ती त्यांनी म्हटली आणि गप्प उभ्या राहिल्या. आणि जन्मात कधी गप्प न बसलेले माझे भाऊजी हात जोडून त्यांच्या बाजूला तसेच गप्प उभे. परतताना गाडीत ते एकदम काकूंना म्हणाले, "वहिनी, पुढच्या टायमाले असं नाई होनार."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "पुढच्या टायमाला म्हणजे माझ्या टायमाला ना हो?"

भाऊजींना आपण काय बोललो ते कळलं, पण मागे सरणाऱ्यांतले ते नव्हते. "होय," म्हणाले. काकू त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मुलगी त्यांना न्यायला तयार होती, पण नवऱ्याला एकट्याला इथे सोडून त्या जाणार नव्हत्या. भिलाईतच, सुपेल्याला, एका दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या राहिल्या. पुढे एकदा माझ्यासोबत शेंगा निवडताना म्हणाल्या, "मरायचं भय नाही गो. पण मातीत उतरताना कुणी आपले दोन शब्द म्हणू नयेत, ह्याचं वाईट वाटतं."

कुणा शहाण्या माणसाने काय केलं असतं? पार्टनरचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन महिन्याभरात अक्षरं शिकला असता. भाऊजींनी एम.ए. केलं. परदेशातल्या एका विद्यापीठाचा कॉम्प्युटरवरून शिकवायचा कोर्स होता. मी म्हटलं, "भाऊजी, एका स्तोत्रासाठी एम.ए.?"

"सुनंदा, रूळ पास करा लागते तं नुसता वरून पाहून होत नाई. लोखंड कोठून आलं तेथून पाहा लागते."

त्यांचा बी.ए.चा इतिहास कामाला आला. मुलाखतीत तिकडच्या मॅडमनी अनुभव विचारला. भाऊजींनी सांगितलं, "रेल मिल, मॅडम," आणि मग रूळ कसा तपासतात ते वीस मिनिटं समजावून दिलं. प्रवेश मिळाला. मला वाटतं, त्यांना गप्प करायचा तेवढाच एक मार्ग मॅडमना दिसला असावा. काकूंनी पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा करून आणला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते शेजाऱ्यांना अजून आठवतं. क्लास दुपारी असायचा. भाऊजी आंघोळ करून, प्लांटचे बूट घालून, खुर्चीत ताठ बसायचे. बुटांशिवाय ड्यूटी कशी होणार? हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्यांनी टेबल, दिवा, पाण्याचा तांब्या, सगळं उजवीकडचं डावीकडे नेलं. मग वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचू लागले, आणि निवडणुकीचे निकाल त्यांना घरात सगळ्यांत शेवटी कळू लागले. त्या भाषेतले बरेचसे शब्द तीन अक्षरांच्या मुळातून निघतात, याचा त्यांना इतका आनंद झाला की ते थेट स्वयंपाकघरात आले. "पाय, एकच ब्लूम राह्यते. त्याले रोलमंदी कसं टाकलं त्याच्यावर हाये. तेथूनच रूळ निघते, तेथूनच अँगल निघते. डिट्टो तसंच!" मला ना ब्लूम माहीत ना हिब्रू. मी म्हटलं, "पोळी घ्या." त्यांनी घेतली आणि तिच्यावरही काहीतरी समजावून दिलं.

आवाज तर असा की क्लास त्यांचा आणि हजेरी सगळ्या गल्लीची. उतईहून भाजी घेऊन येणारी बाई एकदा फाटकाशी टोपली उतरवून ऐकत राहिली. मला हळूच म्हणाली, "का मंतर आय दाई, बबा ह पढ़त हे?" मी म्हटलं, अभ्यास आहे. तिचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून लाल भाजीची एक जुडी ती 'बबा बर', म्हणजे बाबांसाठी, म्हणून जास्तीची टाकायची. भाऊजी माणूस प्रामाणिक. त्यांनी तिला बसवून घेऊन आपण मंत्र म्हणत नाही, हे सांगायला सुरुवात केली. अर्धा तास ऐकून ती वाकून पाया पडली आणि तिने दोन जुड्या दिल्या.

मग त्यांना अभ्यासातून कळलं, की मृताची जी मुख्य प्रार्थना असते तिला दहा ज्यू पुरुष लागतात. भाऊजी दहा माणसं शोधायला निघाले. कुणीतरी सांगितलं, कुम्हारीला हायवेवर सॅम्युअल नावाचा वेल्डिंगवाला आहे. भाऊजी स्कूटरवर गेले. तो केरळचा ख्रिश्चन निघाला. त्याने चहा पाजला, स्कूटरचं स्टँड वेल्ड करून दिलं आणि म्हणाला, "अंकल, आदमी कम पड़ रहे हैं तो मैं खड़ा हो जाऊँगा. मेरा भाई भी आ जाएगा." भाऊजी पडलेल्या चेहऱ्याने परतले. "दहा काय, एक बी नाई," म्हणाले. पण लगेच, "स्तोत्र मात्र कोनीबी म्हनू शकते. एकटा असला तरी चालते. मी मॅडमले इचारलं."

वर्षभराने त्यांनी काकूंना बोलावलं आणि ते स्तोत्र म्हणून दाखवलं. न अडखळता, एकेक अक्षर सुटं, मॅडमनी शिकवलं तसं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "चांगलं झालं. पण हे कुणाचं?"

"कोनाचं म्हंजे? तुमचंच."

"आमच्या ह्यांचं असं नव्हतं हो. आमची चाल निराळी."

भाऊजींचा चेहरा मला अजून दिसतो. सगळं लोखंड तपासून झालं आणि रूळ भलत्याच मापाचा निघाला. काकूंना शब्द येत नव्हते, वाचता तर मुळीच येत नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडून ऐकलेली चाल त्यांच्या कानात पक्की होती. त्या दिवशी ठरलं, की दर शनिवारी संध्याकाळी त्यांनी यायचं, चाल गुणगुणायची आणि भाऊजींनी तिच्यात शब्द बसवायचे. भाऊजींना सूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. काकू मांडीवर थाप मारून ठेका द्यायच्या. "इथे वर जायचं नाही. खाली. अहो, खाली!" एक जागा तर त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी आवाज उतरायला हवा, तिथे भाऊजी ओढून धरायचे, प्लांटचा सायरन बंद व्हायची वाट पाहिल्यासारखे. थाप पडायची. पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं दर शनिवारी हे आमच्या पुढच्या खोलीत चाललं आणि मी आत फोडणी घालत होते. दार बंद केलं तरी काही उपयोग नव्हता.

प्रबंध त्यांनी काकूंच्याच लोकांवर लिहिला. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे म्हणून, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून, त्यांना शनिवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या भाषा गेली, पुस्तकं गेली. एकदा भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मानाने फार हळू बोलले. "सुनंदा, सारं इसरले ते. जेवनाचे नेम, दोन-चार सन, एक ओळ आन् शनवार, एवढंच राह्यलं. पन तेवढं होतं म्हनून बाकीचं मागून परत आलं पाय."

मी म्हटलं, "तेल तापलंय, बाजूला व्हा." ते बाजूला झाले.

भाऊजींनी सगळं तपासलं होतं. अक्षरं, उच्चार, चाल, कब्रस्तानाच्या कोपऱ्यातली पार्टनरच्या शेजारची जागा. ती सुद्धा त्यांनी जाऊन बोलून ठेवली होती. फक्त आधी कोण जाणार, हे ते धरून चालले होते. प्रबंध पाठवून महिना झाला नसेल, सकाळी झाडांना पाणी घालता घालता ते खाली बसले आणि उठले नाहीत. नळ चालूच होता. मी आधी नळ बंद केला. मला वाटतं, माझ्या हातांना तेवढंच सुचलं.

अस्थी शिवनाथ नदीत गेल्या. काकू आल्या त्या मुठीत एक खडा घेऊन. त्यांच्यात कबरीवर खडा ठेवतात, फूल नाही. पण आमच्याकडे कबर कुठली? त्या जरा वेळ घरभर पाहत राहिल्या. भाऊजींच्या टेबलावर रुळाचा कापलेला तुकडा असायचा, कागद उडू नयेत म्हणून. त्याच्यावर त्यांनी तो खडा ठेवला. पुसताना मी तो उचलते आणि परत तिथेच ठेवते. पदवी मागून आली, सगळी हिब्रूत. ह्यांनी फ्रेम करून लावली. आम्हा दोघांपैकी कुणाला ती वाचता येत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी काकू येणार नाहीत असं मी धरलं होतं. त्या आल्या. रिक्षावाल्याला सवय झाली होती म्हणाल्या. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि आत वांगी चिरायला घेतली. थोड्या वेळाने बाहेरून गुणगुणणं ऐकू आलं. शब्द नाहीत, नुसती चाल, खालच्या आवाजात. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरीला त्या थांबल्या. दोन वर्षांच्या सवयीने शब्दांशिवाय त्यांना पुढे जाता येईना.

माझ्या तोंडून शब्द निघाले. मी काही ठरवलं नव्हतं. हात वांग्यावर होते आणि तोंड चालू होतं. तिसरी ओळ, चौथी, तिथून शेवटपर्यंत. काकू उठून दारात आल्या.

"तुला अर्थ कळतो?"

"नाही."

"मला पण नाही. आमच्या ह्यांना तरी कुठे कळायचा. कळायचा तो तुझ्या भाऊजींना." चौकटीला धरून त्या उभ्या राहिल्या. "परत म्हण बघू. पहिल्यापासून."

आता दर शनिवारी त्या येतात. मला बसायला वेळ नसतो, तेव्हा कणीक मळताना म्हणते. काकू आता थकल्या आहेत. रिक्षातून उतरताना मला हात द्यावा लागतो. चाल मला येते. काकू म्हणतात, भाऊजींपेक्षा पुष्कळ बरी येते, आणि एकदा हेही म्हणाल्या, की आता त्यांना कसली घाई नाही आणि कसली भीतीही नाही. मी म्हटलं, "घाई करूच नका, मला अजून चार शनिवारची भाजी निवडून हवी आहे."

तिसऱ्या ओळीच्या शेवटी आवाज खाली यायला हवा, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिथे मी ओढून धरते, भाऊजी धरायचे तसा. काकूंचा हात मांडीवर असतो. त्या थाप मारत नाहीत.