सईच्या पेशी पुण्यात वाढतात

"हा ड्रॅव्हे सिंड्रोम आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि जीन टेस्टचा रिपोर्ट त्यांनी आमच्याकडे वळवला. सई, माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या मांडीवर झोपली होती.

मेंदूतल्या पेशींना विजेचे संदेश सांभाळायला एक प्रथिन लागतं. सईच्या एका जनुकात बदल आहे, त्यामुळे ते पुरेसं काम करत नाही आणि फिट्स येतात. "हा बदल तिच्यातच नव्यानं झालाय. आईकडून नाही, वडिलांकडूनही नाही." ते ऐकून मला रडू आलं. गरोदरपणात माझं काय चुकलं, हेच मी इतकी वर्षं शोधत होते.

पहिली फिट सई सात महिन्यांची असताना तापात आली. आमच्या बुरोंडी गावाहून दापोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती थांबली नव्हती. "मोठी झाली की जाईल," असं सगळे म्हणत. मग गरम पाण्याच्या आंघोळीनंही यायला लागली. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, पहिल्यांदा नॉर्मल आला होता. आजाराचं नाव कळल्यावर तिचं एक औषध बंद केलं, कारण या आजारात ते त्रास वाढवतं. फिट्स कमी झाल्या. थांबल्या नाहीत.

मग डॉक्टरांनी विचारलं, सईच्या त्वचेचा छोटा तुकडा संशोधनासाठी द्याल का? लॅबमध्ये त्या पेशींना गर्भाच्या सुरुवातीच्या पेशींसारखं करतात आणि त्यांतून मेंदूच्या पेशींचे मसुराएवढे गोळे वाढवतात. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. त्यावर आजार बघता येतो, औषधं तपासता येतात. "पण सईला यातून काही मिळेल असं वचन मी देणार नाही," त्या म्हणाल्या.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे. कितींदा टोचायचा त्या पोरीला?" यजमान बोटीवर होते. फोनवर म्हणाले, "तू ठरव. तिच्याजवळ तू असतेस."

दोन आठवडे मी सही केली नाही. शेवटी डॉक्टरांना विचारलं, "नंतर नको वाटलं तर?"

"कळवा. पेशी वापरणं थांबवू."

मग सही केली. दंड बधिर करून तुकडा घेतला. सई रडली, मग बिस्किट मागितलं.

काही महिन्यांनी पुण्याला तपासणीला गेलो तेव्हा लॅब बघायला मिळाली. गुलाबी द्रवात पांढरट गोळे. "ह्यांना दुखतं का?" मी विचारलं.

हे गोळे सांभाळणारी तिथली प्राजक्ता म्हणाली, "हा पूर्ण मेंदू नाही. आमच्या माहितीप्रमाणे नाही दुखत."

तिनं गोळ्यांतल्या विजेचा आलेख स्क्रीनवर दाखवला. शांत रेघा एकदम उसळल्या. ही फिटच, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. फिट आली की मी सईला कुशीवर वळवते आणि घड्याळ बघते. आत काय चालतं, ते पहिल्यांदा दिसलं.

सई आता सहा वर्षांची आहे. दहा-बारा शब्द बोलते. तापाची भीती अजून आहेच. तुमच्यावर ही वेळ आली तर सहीआधी सगळं विचारा, आणि उत्तर मनाजोगं नसलं तरी पूर्ण ऐकून घ्या.

हा आजार माझ्या एकटीच्या अंगावर आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी लॅबमधून निघताना प्राजक्ता सहज म्हणाली, "ह्या गोळ्यांचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. पाडव्यालाही सईसाठी येऊन गेले मी."