अक्कांनी पास केलेला चाकू

घडीचा चाकू कसा निवडायचा असं कुणी विचारलं, तर अक्का पात्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "पात्याला काय, कुणीही धार लावतं," म्हणायच्या. "लॉक दाखवा." लॉक म्हणजे मुठीच्या आतली एक पोलादी पट्टी. पातं उघडलं की ती आडवी येऊन त्याच्या बुडाशी टेकते आणि पात्याला उलटं मिटू देत नाही. आता चाकू मुठीत धरला की आपली बोटं कुठे असतात? नेमकी पात्याच्या वाटेत. आणि पातं आणि बोटं यांच्या मध्ये काय उभं असतं, तर नखाएवढं पोलाद. ते नरम निघालं तर बाकीच्या चाकूला काय चाटायचंय?

अक्का खडीच्या कारखान्यातल्या टूलरूमच्या प्रमुख. लोखंडी जाळीमागे काउंटर, तीन कपाटं, शिकंजा बसवलेलं एक बाक, आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या मागे रंगवलेला त्याचा आकार. पाना जागेवर नसला की भिंतीवर काळा पाना दिसायचा आणि मग ज्यानं तो नेला त्याची काही धडगत नसायची. सव्वीस वर्षांत त्या काउंटरवरून न तपासलेला स्क्रूड्रायव्हरसुद्धा बाहेर गेलेला नव्हता. विक्रेते आत यायच्या आधी शर्टाची बटणं नीट लावायचे. मॅनेजरसाहेब म्हणायचे, "अक्कांनी नाक मुरडलं ना, की मला पुढचं वाचायची गरजच नाही."

खडी वाहून नेणारे रबरी पट्टे फाटतात, ते कापून जोडावे लागतात. त्या कामाला दणकट चाकू हवे होते. एका कंपनीनं तीन नमुने पाठवले. अक्कांनी तीन आठवडे त्या चाकूंचा जो छळ केला, तो बघवत नव्हता. अंगठ्याएवढं जाड रबर कापलं, चाकू धुळीत पुरून ठेवले, पाण्याच्या बादलीत बुडवले, पातं उघडं ठेवून पाठीवर लाकडी ठोकळ्यानं दणके दिले. लॉक जागचं हललं नाही. कंपनीची आजीवन वॉरंटी होती. तीही त्यांनी सोडली नाही. एका चाकूची खिशाला अडकवायची पट्टी मुद्दाम वाकवली आणि दिली पाठवून. पाचव्या दिवशी नवी पट्टी हजर, वर आभाराचं पत्र. अक्का खूश झाल्या, आणि अक्का खूश होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. त्यांनी अहवालात लिहिलं: चाकू दणकट. लॉक उत्तम. कंपनीची सेवा तत्पर. खाली सही ठोकली. महिन्याभरात चोवीस चाकू आले आणि पट्ट्यावरच्या चोवीस माणसांच्या खिशात गेले.

त्यांतला एक सावकाशच्या खिशात गेला.

सावकाश हा पट्ट्यावरचा सर्वांत जुना फिटर. एकोणीस वर्षं तेच काम. जिना उतरतानाही कठड्याला हात लावून उतरणारा, चहा फुंकून फुंकून गार करूनच पिणारा. नवीन माणसाला काम शिकवताना वाक्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा "सावकाश" म्हणायचा, म्हणून हे नाव पडलं आणि त्याच्या बायकोनंही ते उचललं. चाकू मिळाल्यावर त्यानं तो घासूनपुसून, तेल देऊन अगदी लेकरासारखा सांभाळला. म्हणजे सगळेच सांभाळत, कारण अक्कांचा दंडकच होता: दर शनिवारी दुपारी चाकू काउंटरवर आणायचा, स्क्रू काढून उघडायचा, आत साचलेला रबराचा चुरा आणि खडीची धूळ ब्रशनं झाडायची, तेलाचा एक थेंब, पुन्हा स्क्रू आवळायचे. धूळ आत राहिली तर लॉक पूर्ण बसत नाही, हे त्यांना सांगायला कुठल्या कंपनीची गरज नव्हती.

चौथ्या महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, सावकाश पट्ट्याची फाटलेली कड कापत होता. पातं रबरात अडकलं. त्यानं ते वर खेचलं, पात्याच्या पाठीवर जोर आला, आणि लॉकनं दगा दिला. चाकू त्याच्या मुठीतच मिटला. अंगठ्याशेजारची उजव्या हाताची दोन बोटं. डॉक्टरांनी शिवून दिली, पण म्हणाले की बोटं वाकवणारे आतले दोर नीट जुळतील याची खात्री नाही. दीड महिन्यानं टाके-बिके सगळं झालं, जखम भरली, आणि ती दोन बोटं काठीसारखी ताठ राहिली.

अक्कांनी अपघाताच्याच दिवशी उरलेले तेवीस चाकू काउंटरवर ओतायला लावले. एकेक उघडून शिकंज्यात धरला आणि पाठीवर ठोकळा मारला. नऊ चाकू मिटले. नऊ. नमुन्यांवर हेच दणके त्यांनी दहापट जोरानं दिले होते. त्यांनी कपाटातून नमुन्याचा चाकू काढला, खोलला आणि लॉकच्या पट्टीवर कानस फिरवली. कानस नुसती घसरली, ओरखडासुद्धा नाही. मग मिटलेल्या नऊतला एक घेतला. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली आणि बोटाला चमकता कीस लागला.

तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नमुने द्यायचे कडक पोलादाचे आणि माल द्यायचा नरम! आणि आपण, सव्वीस वर्षं मिरवणाऱ्या शहाण्या, तीन नमुन्यांवर भाळलो आणि चोवीसातला एकही कानशीखाली घेतला नाही. कंपनीचा राग जेवढा आला, त्याच्याहून काकणभर जास्त स्वतःचा आला.

सावकाशचा चाकू आणि सोबत सविस्तर पत्र त्यांनी कंपनीला पाठवलं. मग फोन. फोनवर एक बाई होती, आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. "मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"माझ्या भावना राहू द्यात," अक्का म्हणाल्या. "बाकीचे चाकू परत घ्या. दुसऱ्यांकडेही गेले असतील ना याच मालातले? त्यांना कळवा."

"नक्कीच मॅडम, तुमची तक्रार नोंदवली आहे. आमच्या सेवेला तुम्ही पाचपैकी किती गुण द्याल?"

अक्कांनी फोन ठेवला तो असा, की शेजारच्या खोलीतला टायपिस्ट उठून बघायला आला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. गुळगुळीत कागद, वर कंपनीचं चिन्ह. तपासणीत चाकूचे स्क्रू उघडल्याच्या खुणा आढळल्या. स्क्रू उघडल्यास वॉरंटी संपुष्टात येते, पाहा कार्डामागील अट क्रमांक अकरा. सबब अपघात वापरकर्त्याच्या घाईमुळे व निष्काळजीपणामुळे घडलेला आहे. तरीही सद्भावना म्हणून कंपनी नवा चाकू भेट देईल. सोबतच्या कागदावर सही करून वापरातील चूक मान्य करावी. पोलादाबद्दल एक अक्षर नाही. कानशीबद्दल अक्षर नाही. वाटाण्याच्या अक्षता लावाव्यात तर निदान कोरड्या हातानं लावाव्यात, यांनी वर अत्तर शिंपडलं होतं.

घाईमुळे! सावकाशच्या घाईमुळे! टूलरूममध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा एक जण हसला, मग त्याला वाटलं की इथे हसायला नको होतं.

मॅनेजरसाहेबांनी अक्कांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कटकट नको असणारा होता. "अक्का, गुरुवारी चौकशी आहे. रकान्यात काहीतरी कारण तर भरावं लागेल. कंपनीनं लेखी दिलंय, निष्काळजीपणा. त्याला पट्ट्यावरून काढून आवारात झाडायला देऊ, नोकरी राहील."

"एकोणीस वर्षांच्या फिटरला झाडू? आणि सेवापुस्तकात लाल शेरा?"

"मग दुसरं काय लिहू? स्क्रू तुमच्या सांगण्यावरून उघडले, असं? चाकू तुम्ही पास केला, असं? तुम्हाला रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत. का अंगाला लावून घेता?"

घरी अक्कांचे यजमान वाट बघत होते. ते छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवून निवृत्त झालेले, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय गोळी घ्यायचे नाहीत. त्यांनी वॉरंटीचं कार्ड उजेडात धरलं. "अगं, अकरावी अट आहे खरी. मुंगीएवढ्या अक्षरांत."

"मी वाचली नाही," अक्का म्हणाल्या. भाजी चिरता चिरता त्यांनी सुरी खाली ठेवली. "वाचली असती तरी दर शनिवारी उघडलेच असते. अहो, धूळ आत ठेवून बोटं तोडून घ्यायची का, यांची वॉरंटी शाबूत राहावी म्हणून?"

"तू उघडायला सांगितलंस हे गुरुवारी बोललीस, तर तुझंच नाव लागेल."

"लागू दे."

"सव्वीस वर्षं कुणी बोट दाखवलं नाही तुला."

"तेच तर म्हणते. त्याच्याकडे दाखवतायत, आणि त्याची मला लाज वाटते." त्यांचा आवाज चिरकला, आणि तो चिरकल्याचाही त्यांना राग आला. यजमानांनी उरलेली भाजी ओढून घेतली आणि वाकडीतिकडी चिरली.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत लांब टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचे पेले पालथे घातलेले. मॅनेजरसाहेब एका टोकाला. कंपनीनं आपला माणूस पाठवला होता: कडक इस्त्री, नम्र बोलणं, आणि पुढ्यात सद्भावनेच्या चाकूचं खोकं. सावकाश एका बाजूला, उजवा हात मांडीवर झाकून बसलेला. त्याच्यावर शेरा येणार हे त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि तो इतका खाली मान घालून बसला होता की खरोखरच त्याचंच चुकलंय असं परक्याला वाटावं. अक्कांना ते बघवेना.

त्यांनी कापडात बांधून आणलेलं टेबलावर सोडलं. एक नमुन्याचा चाकू, एक नऊतला, दोन्ही खोललेले. एक कानस. आणि एक आख्खा चाकू, नऊतलाच.

"साहेब, तुम्हीच घासा. मी घासून दाखवलं तर म्हणतील, बाईनं हात फिरवला."

मॅनेजरसाहेबांनी नाइलाजानं कानस घेतली. नमुन्यावर घसरली. दुसऱ्यावर शिरली. त्यांनी पुन्हा घासून बघितलं, मग चष्मा वर करून बघितलं.

कंपनीचा माणूस खाकरला. "मॅडम, मुद्दा तो नाही. स्क्रू उघडले गेलेत."

"उघडलेत. मी उघडायला लावलेत, दर शनिवारी, चोवीसच्या चोवीस. लिहून घ्या, साहेब. आणि चाकू मीच पास केला, तेही लिहा, सही माझीच आहे. आता यांनी एवढंच सांगावं, की स्क्रू उघडल्यानं पोलाद नरम कसं होतं."

"तसं तांत्रिकदृष्ट्या... पण योग्य रीतीनं वापरल्यास हा चाकू अगदी सुरक्षित आहे. कंपनी हे लेखी द्यायला तयार आहे."

"लेखी नको," अक्का म्हणाल्या. त्यांनी आख्खा चाकू उघडला, खट्कन लॉक बसल्याचा आवाज सगळ्यांना ऐकवला, आणि मूठ त्या माणसापुढे धरली. दुसऱ्या हातात लाकडी ठोकळा होता. "धरा. योग्य रीतीनं धरा, तुम्हाला माहिती आहे. मी पाठीवर एकच टकोरा देते, जोरात नाही."

त्या माणसानं चाकूकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, मॅनेजरसाहेबांकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. ते हळूच मागे सरकले आणि टेबलाखाली गेले.

"का हो?" अक्कांनी विचारलं. "आजीवन वॉरंटी आहे ना?"

मॅनेजरसाहेबांनी रकान्यातला "निष्काळजीपणा" खोडला. नुसती रेघ मारून नाही, चांगला गिरवून खोडला, आणि वर लिहिलं: लॉकचं पोलाद सदोष. पुढच्या रकान्यात त्यांनी हत्यार पास करणाऱ्याचं नाव लिहिलं. लिहिताना त्यांनी अक्कांकडे बघितलं नाही, आणि अक्कांनी नाव नीट लिहिलंय ना ते वाकून तपासलं.

कंपनीचा माणूस कागद आवरायला लागला. वरिष्ठांशी बोलतो, सगळे चाकू बदलून देऊ, आमची सेवा तशी तत्पर आहे, असं बरंच बोलला. शेवटी उठता उठता, चांगुलपणानंच असावं, ते खोकं त्यानं सावकाशपुढे सरकवलं. "हा मात्र ठेवा, काका. सही वगैरे काही नको. सुधारित लॉक आहे."

सावकाशनं पहिल्यांदा उजवा हात वर काढला आणि खोक्याशेजारी टेबलावर ठेवला. दोन बोटं सरळ, ताठ, छताकडे उचललेली.

"हा उघडायला अंगठा लागतो, साहेब," तो म्हणाला. "आणि धरायला ही दोन. अंगठा आहे माझ्याकडे."

अक्कांनी खोकं उचललं आणि त्या माणसाच्या बॅगेवर ठेवून दिलं.