साडेपाचची नोंद

यज्ञेश्वरकाकांमुळे उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीला घड्याळाची गरज नव्हती. एकतीस वर्षं हवामान केंद्रात नोकरी. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला तापमान, वारा, हवेचा दाब वहीत लिहायचा. सख्ख्या भावाच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे नोंद घ्यायला निघून गेले होते. निवृत्तीनंतरही खिशातला दाबमापक आणि वही काही सुटली नाही.

तीन वर्षांपूर्वी मुलाच्या मित्राने काका-काकूंना आपल्या शिडाच्या बोटीतून कोचीहून लक्षद्वीपला नेलं. शोभाकाकूंनी तोवर नर्मदेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला, समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला आणि वायव्येकडून काळं भरून आलं. साडेपाचला काका खाली वही उघडून बसले, तोच वरून काकूंची हाक आली.

"अहो, देवमासा आहे, सोबत पिल्लूपण आहे. जल्दी या ना."

"पाच मिनिट रुक. रीडिंग चालू आहे."

काकूंनी आणखी दोनदा बोलावलं. काका वर पोचले तेव्हा पाण्यावर नुसती वर्तुळं उरली होती. दाब झपाट्याने उतरतोय हे त्यांनी सांगितलं म्हणून वादळाआधी शीड उतरवता आलं, हेही खरंच. त्याचा तोरा मात्र त्यांनी थेट उज्जैनपर्यंत आणला.

काकू गल्लीत सांगायला लागायच्या, "अगं, पिल्लू इतकं जवळ आलं, त्याचा डोळा..." की काका मध्येच तोडायचे, "वो सब ठीक आहे, आधी दाब ऐका. एक हजार चार." आम्ही हसायचो. काकूही हसून चहा टाकायला उठायच्या. डोळ्याचं पुढे काय, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही, याची मला आज लाज वाटते.

गेल्या आषाढात काकू गेल्या. दिवाळीला नात ईरा आली, तेव्हा मी फराळाचं ताट द्यायला गेले होते. पोरगी रंगपेटी घेऊन बसली होती.

"आबा, आजीचा देवमासा काढतेय. पिल्लाचा डोळा कसा होता?"

काकांनी वही काढून ते पान उघडलं. वारा पडलेला, आकाश पूर्ण ढगाळ, दाब एक हजार चार.  भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होऊन गेले, तरी काका उठले नाहीत.

"आजी मला बोलवत होती गं," ते म्हणाले. "मी गेलो नाही."