चारचं पाणी

शीला ओव्हाळ यांनी चोवीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्याही सरकारी खुर्चीत बसून. पाणीखात्यातला तक्रारीचा फोन त्यांच्याकडे होता. नळ कोरडा पडला की लोक त्यांचाच उद्धार करायचे. त्यातून त्या एवढं शिकल्या, की ओरडणाऱ्याची काळजी नसते. हळू बोलणाऱ्याकडे कान द्यावा. निवृत्त झाल्यावर त्या उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका ट्रस्टच्या हेल्पलाइनवर दुपारी बसू लागल्या. जीव नकोसा झालेली माणसं तिथे फोन करतात.

तिथे एक फॉर्म होता. आधी नाव, मग वय, पत्ता, नातेवाइकाचा नंबर, आणि मग कुठे ‘काय होतंय तुम्हाला?’ जिवाला कंटाळलेल्या माणसाला पिनकोड विचारायचा, ही अक्कल कोणाची कोण जाणे! मार्चमध्ये एका पोराने पत्त्यापाशीच फोन ठेवला. तो आज आहे की नाही, शीलाताईंना ठाऊक नाही. तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

त्या शुक्रवारी सव्वातीनला फोन वाजला. बाईचा आवाज, अगदी हळू. “बदलापूरहून बोलतेय. घरात कोणी नाही. मला आता काहीच नको झालंय.”

“आत्ता जीव द्यायचं मनात आहे का?” शीलाताईंनी सरळ विचारलं.

“हो.”

समोर सुपरवायझर श्यामकांत फॉर्मवर बोट आपटत होते. शीलाताईंनी पेन खाली ठेवलं. नाव विचारलं तर ही जाणार, हे त्यांना कळत होतं. आणि तोंडातून चोवीस वर्षांच्या सवयीचा प्रश्न निघाला.

“पाणी कधी येतं तुमच्याकडे?”

“चारला.”

“कोण भरतं?”

“मीच. शेजारच्या बनूमावशींचंपण. त्यांचे गुडघे गेलेत. पाणी आलं की त्या दार वाजवतात. दोन दिवस मी उघडलंच नाही.”

“आज उघडाल? तोवर मी फोन ठेवत नाही.”

“...बघू.”

मग ती तुटक तुटक बोलत राहिली. नोकरी गेलेली, महिनोन्‌महिने झोप नाही, स्वतःच्या घरातही पाय उचलत नाही. शीलाताई हुंकार देत होत्या. पावणेचारला त्यांची नजर समोरच्या वर्तमानपत्रातल्या बातमीवर गेली. बारवी धरणाच्या मोठ्या पाइपलाइनचं काम. शुक्रवारी दिवसभर बदलापूरला पाणी बंद. जन्मभर शटडाउनच्या तारखा पाठ असलेल्या बाईने नेमका आजचा दिवस विसरावा! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

श्यामकांतनीही ती बातमी वाचली आणि कागदावर लिहून दाखवलं : ‘सांगू नका.’

‘येईल, थोड्या वेळात येईल’ हे खोटं त्या खुर्चीत शीलाताईंनी हजार वेळा सांगितलं होतं. त्यानंतर लोक किती तुटतात, तेही त्यांनीच ऐकलं होतं.

“बाई, माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “आज शटडाउन आहे. चारला पाणी येणार नाही. मावशीही दार वाजवणार नाहीत.”

श्यामकांतनी डोळे मिटून घेतले. शीलाताईंना मार्चमधला तो पोरगा आठवला.

“येणार नाही?” आवाज पहिल्यांदाच चढला. “अहो, मग मावशींचं काय? दोन दिवस त्यांचं कोणी भरलं असेल? प्यायलापण नसेल त्यांच्याकडे!”

“मग जा, बघून या. फोन चालू ठेवा.”

कडी वाजली. चपला. दारावर थाप. मग एक म्हातारा आवाज : “अगो बाय माझे, होतीस कुठं तू?” आणि पाठोपाठ हमसून हमसून रडणं. शीलाताईंनी ते संपेपर्यंत ऐकलं. मग बनूमावशींना फोन द्यायला लावून बजावलं, “आज हिला एकटी सोडू नका. उद्या डॉक्टरकडे न्यायचं, मी नंबर देते.”

फॉर्म कोराच राहिला. श्यामकांतनी तो उचलला, बराच वेळ पाहिला आणि ‘नाव’ खोडून सगळ्यात खाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“पाणी आलं,” तोच आवाज म्हणाला. “मावशींचं भरून झालं. आता डॉक्टरकडे निघतोय.”

“बरं झालं,” शीलाताई म्हणाल्या.

“तुम्ही काल विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “माझं नाव ऋतिका.”