दगडूचं अंथरूण

उत्तरा नौपाड्यात आमच्या शेजारी राहायची. नवरा मधू रेल्वेत, बदलीवर भुसावळला. घरात ती, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले सासरे अण्णा आणि अण्णांचं कासव. रेशनचे दिवस होते. सकाळी उठून ती अण्णांच्या चादरी बदलायची, धुवायची, वाळत घालायची आणि लगेच कासवाच्या खोक्याकडे वळायची. मला तिचा रागच यायचा. इतकं निमूट कुणी राबू नये.

कासवाचं नाव दगडू. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू ठेवतात. मधूच्या पाठची दोन गेली, नंतर मूल झालं नाही, आणि उत्तराच्या सासूने मनात धरलेलं ते नाव अण्णांनी आणलेल्या या कासवाला मिळालं. पुढे सासूही गेली. सकाळी डोळे उघडले की अण्णा जड जिभेने आधी विचारायचे, "दगडू कसा आहे?" सून कशी आहे, हे त्यांनी विचारलेलं मी काही ऐकलं नाही.

त्या थंडीत फरशी गार पडली आणि दगडू मलूल झाला. त्याच्या खाली घालायला उत्तराने वखारीतून लाकडाचा भुसा आणला. त्याच्या धुळीने दगडूचे डोळे सुजून मिटले. मग खाडीची रेती घातली, तर तो पाल्याबरोबर रेतीही गिळायला लागला. जुन्या धोतराच्या चिंध्या टाकल्या, त्यांच्या दोऱ्यांत नखं अडकली. उत्तरा माझ्या पायरीवर येऊन बसली.

"काकू, दमले हो मी. हा गेला तर एक अंथरूण तरी कमी होईल."

बोलली आणि स्वतःच दचकली.

दुसऱ्या दिवशी तिला निर्माल्य सुचलं. देवावरून उतरलेल्या दूर्वा, बेल, फुलं, सगळं उन्हात वाळवलेलं. मऊ आणि कोरडं. निर्माल्य पायदळी येऊ देत नाहीत, म्हणून मी जरा कुरकुरले. ती म्हणाली, "अहो, कूर्मावतारच तो. त्याच्या पायाखाली आलं तर पाप कुणाला लागणार?" मलाही पटलं.

त्या निर्माल्यात परसातल्या तांबड्या कण्हेरीची फुलं होती. कण्हेर विषारी, गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. पण देवाच्या डोक्यावरून उतरलेलं फूल आमच्या लेखी कण्हेरीचं उरलंच नव्हतं. दगडूने ती फुलं खाल्ली. सकाळी मान बाहेर टाकून पडला होता, तोंडाला फेस.

उत्तराने खोकं रिकामं केलं, त्याला परातीत कोमट पाण्यात ठेवलं, उन्हात धरून बसली. आतून अण्णा विचारत होते, "दगडू कसा आहे?" ती "बरा आहे" म्हणत होती आणि रडत होती. "माझ्याच तोंडून गेलं होतं, काकू," एवढंच पुन्हा पुन्हा. मला तेव्हा तिचा राग आला नाही, फार वाईट वाटलं.

दगडू चिवट निघाला. हळूहळू पाला खायला लागला. आम्ही परसातली माती उन्हात तापवून चाळली, खोक्यात पसरली आणि वर सुकं गवत घातलं, एकेक काडी निवडून. अण्णांनी खोकं जवळ मागितलं. उत्तराने त्यांचा चालता हात गवतावर ठेवला. त्यांनी चाचपून पाहिलं.

"मऊ आहे," ते म्हणाले. हात काढताना तिच्या तळव्याला लागला, भेगाळलेल्या. तो त्यांनी धरूनच ठेवला. "सूनबाई, तुझं अंथरूण कसलं गं?"

"चटई आहे की, अण्णा."

मग त्यांनी हट्टच धरला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली दोन गाद्या होत्या, त्यातली एक काढायला लावली. उत्तरा नको नको म्हणाली, मी मात्र ओढून काढली. तिने ती ऊन दाखवून मागच्या ओसरीवर अंथरली.

दुपारी मी ताक घेऊन गेले आणि दारातूनच हाक मारणार, तेवढ्यात अण्णांनी आतून हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "झोपलीय."