पिंपात पडलेली चावी

वर्ना हॅगन दारूच्या थेंबाला शिवत नाही, पण रोज दहा-बारा पाहुण्यांना व्हॅनमध्ये घालून बर्बन व्हिस्की गाळणाऱ्या डिस्टिलऱ्या दाखवून आणते. त्याआधी तिने अर्धं आयुष्य शाळेची बस चालवली. बार्ड्सटाउन गावातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी "खाली बस!" म्हणून दरडावलेलं आहे. टूर कंपनीचा मालक रँडल बॅलार्ड त्यांतलाच. अजूनही तो तिला मिस वर्ना म्हणतो आणि ती त्याला पोरगाच समजते.

चावीचा नियम रँडलचा. सकाळी पाहुण्यांनी कंपनीच्या अंगणात गाड्या लावून चाव्या वर्नाच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायच्या. संध्याकाळी कोणाला परत द्यायची, ते वर्ना ठरवणार. व्हॅनवर तसं ठळक अक्षरांत रंगवून घेतलंय त्याने. मी शेवटच्या डिस्टिलरीत पेले भरते आणि घरी वर्नाच्या व्हॅनने जाते, तेव्हा हा चावीवाटपाचा खेळ माझ्या रोजच्या करमणुकीचा. गेल्या शुक्रवारी मात्र माझं हसू पार पळालं.

त्या दिवशी ओहायोच्या मोठ्या सहल कंपनीची माणसं आली होती. त्यांना पटवायला रँडल स्वतः बरोबर फिरला. डब्यात आपली चावी टाकताना ऐटीत फोटोही काढून घेतला. मग दर डिस्टिलरीत पाहुण्यांच्या बरोबरीने पीत गेला. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा पेला हुंगायचंही भान त्याला राहिलं नव्हतं.

आम्ही अंगणात परतलो तोच त्याचा फोन वाजला. त्याची आठ वर्षांची मुलगी एमलिन चर्चच्या हॉलमध्ये वाट बघत होती. बाकीची मुलं केव्हाच घरी गेली होती.

"मिस वर्ना, माझी चावी."

"मी आणते तिला. तू व्हॅनमध्ये बस."

"अहो, मी ठीक आहे."

"सकाळी होतास."

पाहुणे खो खो हसले. रँडलच्या ते जिव्हारी लागलं. तो तिच्या अगदी जवळ जाऊन म्हणाला, "लोकांसमोर तमाशा नको. कंपनी माझी, गाडी माझी, पोरगी माझी."

"आणि नियमही तुझाच."

त्याने डबा हिसकावला. पण चावी वर्नाने आधीच मुठीत घेतली होती. त्याने तिचं मनगट धरलं आणि पाहुण्यांचं हसणं थांबलं. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर मुकाट्याने चावी देऊन टाकली असती. नोकरी काय रस्त्यावर पडलीय?

"वर्ना, चावी दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

जन्मात पहिल्यांदा त्याने 'मिस' गाळलं होतं. वर्नाचा चेहरा उतरला. पण अंगणात फोटोसाठी आडवं ठेवलेलं रिकामं पिंप तिच्या पाठीशीच होतं. तिने चावी दुसऱ्या हातात घेतली आणि बुचाच्या भोकातून आत सोडून दिली. खणकन आवाज झाला. आता रँडलने ते ओकच्या लाकडाचं धूड उलटंपालटं करत बसावं, नाहीतर दुसरी चावी मागायला घटस्फोटित बायकोकडे जावं.

"बरं, उद्यापासून नाही येत," वर्ना म्हणाली. "पण आजचं काम अजून संपलेलं नाही. चल, बस."

रँडल धुसफुसत बसला तो नेमका तिच्या मागच्या सीटवर. शाळेच्या बसमध्ये वांड पोरांना ती तिथेच बसवायची. रस्त्यात तो एकदाच बोलला, "ओहायोवाले गेले हातचे." वर्नाच्या मनगटावर बोटं उमटली होती.

एमलिन दप्तर घेऊन आली. आधी तिने स्टिअरिंगकडे पाहिलं, मग बापाकडे.

"मिस वर्ना चालवणार?"

"हो गं," वर्ना म्हणाली.

पोरगी पट्टा लावून बापाशेजारी बसली. "मग आज डोळे उघडे ठेवू ना, डॅडी?"

"म्हणजे?"

"तू पाहुण्यांबरोबर जाऊन आलास ना, की मी गाडीत डोळे गच्च मिटून घेते. घर आलं की उघडते."

एमलिन खिडकीला नाक लावून कुरणातले घोडे दाखवत राहिली आणि तो मान खाली घालून "हो, हो" म्हणत राहिला.

मी वर्नाच्या शेजारीच राहते. शनिवारी सकाळी बघते तो काय, रँडल घामाघूम होऊन तिच्या दारात उभा. चावी पिंपातच ठेवून गावातून चालत आला होता.

"मिस वर्ना," तो म्हणाला, "पाहुणे थांबलेत."