भावकाकांचा कागद

सहा दुकानं झाली होती, पाच उरली होती, आणि भावकाकांचा गुडघा कुरकुरायला लागला होता. पुतणी त्यांची पिशवी सांभाळत त्यांच्या चालीने चालत होती. "रिक्षा करूया," ती चौथ्यांदा म्हणाली.

"रिक्षात बसून भाव कळत नाहीत," तेही चौथ्यांदा म्हणाले.

भावकाका हे नाव दुकानदारांनीच ठेवलेलं. दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तू गिऱ्हाइकाला कितीला पडतात ते विचारून लिहायचं आणि कागद सरकारी कचेरीत द्यायचा, हे काम ते वीस वर्षं करत होते. गावोगावच्या अशा कागदांवरून महागाई किती वाढली ते ठरायचं, आणि त्यावरून पगारातला महागाई भत्ता. पुतणी शिवणकारखान्यात होती. तिचा भत्ता वर्षभर जेमतेम हलला होता. "तुझ्या काकांना चष्मा बदलायला सांग गं," बाजूच्या मशीनवरच्या बायका टोमणा मारायच्या.

तेलाच्या दुकानात काकांनी पाव किलोचे अडतीस रुपये लिहिले आणि ते पुढे झाले. तिच्या घरातलं तेल संपलं होतं म्हणून पुतणी मागे थांबली. दुकानदाराने तिच्याकडे चव्वेचाळीस मागितले.

"आत्ता अडतीस म्हणालात ना?"

"ते काकांना," तो हसून म्हणाला. "म्हातारा माणूस उन्हातान्हात येतो, घरचं तेलही इथूनच नेतो. त्यांना परका भाव कसा सांगू? आम्ही सगळेच त्यांना कमी सांगतो."

तिने हे काकांना सांगितलं तेव्हा ते बंद दुकानाच्या पायरीवर टेकले.

"रोज देवाला हात जोडून निघतो मी," ते म्हणाले. "एक आकडा पदरचा घातला नाही. घरीही त्याच भावात घ्यायचो, मग शंका कशी येणार?"

"तुमच्या एकट्याच्या कागदाने काय होतंय काका?"

"माझ्यासारखे आणखी किती असतील? त्यांनाही दुकानदार मान देत असतील तर? तुम्ही बायका तेल जपून वापरायचं, आणि आम्ही वर कळवायचं की सगळं ठीक आहे."

"कचेरीत कळलं तर काम जाईल तुमचं."

"जाईल." त्यांनी गुडघा चोळला. "काकूला मी सांगेन. तिला भाव ठाऊक नाहीत, पण मला ओळखते ती."

पुतणीला रडू येत होतं. तिला भत्ता हवा होता, आणि हा म्हातारा तोंडघशी पडायला नको होता. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

काकांनी पिशवीतून कोरा कागद काढून तिच्यापुढे धरला.

"कचेरीतल्या साहेबांना पत्र तू लिही. वीस वर्षांचं सगळं लिही, पण चूक माझी म्हण. दुकानदारांपैकी कुणाचं नाव घालू नकोस. तेवढं कर माझं."